शिवेपलीकडचा कांदा

गावाची शीव कुठे संपते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ओढा, जुनं चिंचेचं झाड, शेंदूर लावलेला दगड, यावरून ती लहानपणापासून ओळखीची असते. देशाची शीव मात्र आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेली नाही. नाशिकपासून ती फार लांब आहे. तरी तिचं फाटक उघडं आहे की बंद, यावर निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाणा, कळवण इथल्या हजारो घरांत या महिन्यात किराणा उधार येणार की रोख, हे ठरतं. आज आम्ही बोलणार आहोत ते या फाटकाबद्दल. त्यातून काय जातं, कोण जातं, ते कोण बंद करतं आणि बंद झाल्यावर कुणाच्या हातातलं काम थांबतं.

या गोष्टीची सुरुवात कांद्यापासून होत नाही. ती नाशिक शहराला लागून असलेल्या डोंगरातून होते. पांडवलेणी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शाळेच्या सहलीला गेलो, पायऱ्या चढून दमलो, डबा खाल्ला आणि उतरलो. तिथे चोवीस लेणी आहेत आणि त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. ते लेख म्हणजे आपल्या गावाची जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची हिशेबाची वही आहे, असं म्हटलं तरी चालेल.

दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या माणसाचा लेख आहे. हा शक, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांपैकी. क्षहरात राजा नहपान याचा तो जावई. त्याच्या बायकोचं नाव दक्षमित्रा. तिनेही तिथे एक खोली दान दिल्याचा वेगळा लेख आहे. उषवदाताने भिक्खूंच्या कपड्यांसाठी पैसे दिले, पण ते पैसे त्याने भिक्खूंच्या हातात ठेवले नाहीत. ३००० कार्षापणं त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे त्या काळच्या कारागिरांच्या संघटना. एका श्रेणीकडे २००० ठेवली, व्याज महिन्याला शेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता बचत गटात हिशेब लिहिणाऱ्या मैत्रिणींनी हे गणित करून पाहावं. २००० वर महिन्याला शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेखात लिहिलंय की वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणं कपड्यांसाठी द्यायची. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

आता विचार करा. विणकरांनी एवढी रक्कम का घेतली असेल आणि दर महिन्याला व्याज देण्याची तयारी कशी दाखवली असेल? त्यांचं कापड विकलं जात होतं म्हणूनच. आणि ते गावातल्या गावात विकून एवढा पैसा फिरला नसता. त्या काळात दख्खनचा माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदरावर जायचा, तिथून समुद्रापार. पैठण आणि तेर इथून असा माल येतो, असं एका ग्रीक व्यापारी-खलाशाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. पुढे टॉलेमी नावाच्या भूगोलकाराने गावांची यादी केली, तिच्यात ‘नासिक’ आहे. म्हणजे इकडच्या वाटा आणि तिकडचे लोक एकमेकांना ठाऊक होते.

याच डोंगरावर तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ही आई. मुलाच्या मृत्यूनंतर, नातवाच्या राज्यात, तिने हे लेणं दान दिलं आणि मुलाचा पराक्रम कोरून घेतला. माझ्या मुलाने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निपटला, असं त्यात आहे. आईचा अभिमान आणि राजघराण्याची भाषा, दोन्ही त्यात आहे. पण त्याच डोंगरावर थोडं पुढे चालत जा. सतराव्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या एका यवनाचा दानलेख आहे. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव. परक्या मुलखातला माणूस, नाव मात्र इथलं झालेलं.

आणि आम्हाला सगळ्यांत जवळची वाटते ती विष्णुदत्ता. तिचा लेख दहाव्या लेण्याच्या अंगणात आहे, आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला. ती स्वतःची ओळख सांगते ती अशी: शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई, शकनिका, उपासिका. शकनिका म्हणजे शक बाई. शकांचा नाश झाला असं भिंतीवर कोरल्यानंतरही एक शक बाई त्याच डोंगरावर उभी राहून आपली ओळख न लपवता दान देते. तिने पैसे कशासाठी दिले? आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. आणि ते भिक्खू कोणते? चारही दिशांनी येणारे. तिनेही ठेव ठेवली ती श्रेणींकडेच. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे २०००, तेल गाळणाऱ्यांकडे ५००, आणखी एका श्रेणीकडे १०००. ही तिसरी श्रेणी बहुधा कुंभारांची.

राजे बदलले, शिवा बदलल्या, पण व्यवहार चालू राहिला, याचा आणखी एक पुरावा आपल्याच जिल्ह्यात सापडला आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यांच्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशी तीन लिप्यांतली अक्षरं. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने वरून आपला छाप मारलेला. जिंकलेल्या राजाचं नाणं त्याने वितळवलं नाही. छाप मारला आणि पुन्हा बाजारात सोडलं. बाजार थांबला तर राज्य कशाच्या जोरावर चालवायचं, हे त्याला कळत होतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की ‘परदेशाशी व्यापार’ म्हटलं की आपल्याला ती मोठ्या कंपन्यांची, शहरातल्या लोकांची गोष्ट वाटते. नाशिकला ती नवी नाही. गोवर्धनच्या विणकरांची ती गोष्ट होती. आज ती कांदा लावणाऱ्या, काढणाऱ्या आणि निवडणाऱ्या हातांची आहे.

आता मोठी उडी मारू. १ जानेवारी १८६५ला थळ घाटातून, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तिथून, रेल्वे सुरू झाली. इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळ अशी ही वाट मुंबईच्या बंदराला जोडली गेली. याच वाटेवर लासलगाव हे स्टेशन. नाशवंत माल लांबवर नेण्याची सोय ज्या गावाला मिळाली, तिथे बाजार वाढला. १९४७ साली लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून आज तिचं नाव घेतात. इथल्या स्थानिक कांद्यातून निवडलेल्या वाणाला ‘एन-५३’ म्हणतात.

१९४७ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवायचं. त्याच वर्षी बंगालच्या मधून रेघ ओढली गेली. त्याआधी नाशिकचा माल ढाक्याला जाणं म्हणजे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणं होतं. एका रेघेने ते परदेशात जाणं झालं. १९६५च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानशी असलेला व्यापार बंद पडला. १९७१ साली बांगलादेश जन्मला आणि १९७२च्या मार्चमध्ये दोन्ही देशांनी व्यापाराचा करार केला. तेव्हापासून ही वाट पुन्हा रुळली. बंगाली स्वयंपाकाला कांद्यावाचून चालत नाही आणि तिथल्या जमिनीतून निघणारा कांदा वर्षभर पुरत नाही. आपल्याकडे मात्र कांद्याचे तीन हंगाम. पावसाळ्यातला लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ. उन्हाळ कांदा टिकाऊ, तो चाळीत भरून ठेवता येतो. शेजाऱ्याला नड आहे आणि आपल्याकडे साठा आहे. यातून बांगलादेश हा आपल्या कांद्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला. श्रीलंका आणि नेपाळ यांचंही तसंच.

तो कांदा तिथवर पोचतो कसा, हे एकदा डोळ्यांसमोर आणू. आधी उळं टाकायचं. सहा-सात आठवड्यांनी रोप उपटायचं आणि ओल्या वाफ्यात एकेक करून लावायचं. लावणीला रांगेने बसलेल्या असतात त्या बाया. मग निंदणी, तीही बायांचीच. साडेतीन-चार महिन्यांनी काढणी आणि पात कापणं, त्यातही पुन्हा आपलेच हात. मग ट्रॅक्टर नाहीतर पिकअप बाजार समितीत जातो. तिथे लिलाव होतो, भाव फुटतो. इथपर्यंत आल्यावर गोष्ट पुरुषांची होते. बोली लावणारे ते, पट्टी घेणारे ते. पण व्यापाऱ्याच्या खळ्यात तोच कांदा पुन्हा बायांसमोर येतो. मोठा वेगळा, गोल्टी वेगळी, जोड वेगळा, खाद वेगळी. ढिगासमोर दिवसभर बसून त्या निवडतात, गोण्या भरल्या जातात आणि ट्रक निघतो. नागपूर, रायपूर, कोलकाता करत सुमारे दोन हजार किलोमीटर. पश्चिम बंगालमध्ये पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली अशी फाटकं आहेत. पेट्रापोलच्या पलीकडे बेनापोल, घोजाडांग्याच्या पलीकडे भोमरा. तिथे माल उतरतो आणि ढाका, खुलना, राजशाहीच्या बाजारात जातो.

२०२०च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे सीमेवरची ट्रकवाहतूक अडली होती, तेव्हा लासलगावहून मालगाडीत कांदा भरून थेट बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनापर्यंत पाठवला गेला. म्हणजे दोन्ही बाजूंना गरज असली की वाट निघते.

मग वाट बंद कधी होते? आपल्याकडे कांदा महागला की. अवकाळी पाऊस झाला, चाळीतला कांदा सडला, नवा लाल कांदा यायला उशीर झाला, की शहरांत भाव चढतो. कांद्याचा भाव चढला की सरकारला घाम फुटतो. १९९८ साली दिल्लीतलं सरकार निवडणुकीत पडलं, त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता असं सगळेच मानतात. तेव्हापासून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, कांदा चढला की पहिला हात जातो तो सीमेच्या फाटकाकडे.

२०१०च्या डिसेंबरमध्ये असंच झालं. निर्यात थांबवली आणि वर पाकिस्तानातून अटारीच्या वाटेने कांदा आणायला सुरुवात झाली. मग पाकिस्तानातही भाव चढला आणि जानेवारी २०११मध्ये त्यांनी जमिनीवरून भारतात कांदा पाठवायला बंदी घातली. तेव्हा आपल्याकडे शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडली गेली. पण आपण बांगलादेशाला, नेपाळला जे करत होतो, तेच त्यांनी आपल्याला केलं होतं. फेब्रुवारीत नवा कांदा आला, भाव कोसळले, नाशिकला शेतकरी रस्त्यावर आले आणि निर्यात पुन्हा सुरू झाली.

२९ सप्टेंबर २०१९ला पुन्हा बंदी. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. तिथल्या एका सभेत त्यांनी हसत हसत, हिंदीतून सांगितलं, की तुम्ही कांदा बंद केलात, मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा न घालता रांधायला सांगितलं आहे. आणि पुढच्या वेळी आधी कळवत जा, एवढीही विनंती त्यांनी केली. सभेत हशा पिकला. ढाक्यात मात्र नोव्हेंबरमध्ये कांदा किलोला दोनशे टक्यांच्या वर गेला आणि त्यांना विमानाने कांदा मागवावा लागला. मैत्रिणींनो, हातावर पोट असलेल्या घरात किलोला दोनशेचा कांदा म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. तिथेही कापडाच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या लाखो बाया आहेत, संध्याकाळी थकून घरी येऊन चूल पेटवणाऱ्या.

ही बंदी १५ मार्च २०२०ला उठली आणि १४ सप्टेंबर २०२०ला पुन्हा आली. या वेळी तर ती एका दिवसात लागू झाली. वाटेवरचे ट्रक सीमेवर जागच्या जागी थांबले. सप्टेंबरचा उकाडा, वर ताडपत्री, आत कांदा. चार-पाच दिवसांनी आधीच्या कागदपत्रांवरचा माल सोडला, तेव्हा त्यातला बराच सडला होता. मग २५,००० टन कांदा बांगलादेशाला खास बाब म्हणून द्यायचं ठरलं. इकडे ऑक्टोबरमध्ये साठ्यावर मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन. त्यावर नाशिकमध्ये लिलाव बंद पडले. १ जानेवारी २०२१ला निर्यात पुन्हा खुली झाली.

२०२३चं साल नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्या एका सालात फाटकाच्या दोन्ही बाजू दिसतात. फेब्रुवारीत भाव इतका पडला की सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश आला. तेव्हा आपली निर्यात खुली होती. म्हणजे फाटक उघडं असलं की सगळं आलबेल, असं नाही. मार्चच्या मध्याला बांगलादेशाने त्यांच्या बाजूने फाटक लावलं. का? त्यांच्या शेतकऱ्यांचा कांदा तेव्हा निघत होता आणि आपल्या स्वस्त कांद्याने त्यांचा भाव पडत होता. तिथेही उळं टाकणारी, निंदणारी शेतकरी बाई आहे. तिला आपल्या कांद्याची भीती वाटते. जूनमध्ये तिकडे भाव चढले आणि त्यांनी आयात पुन्हा सुरू केली.

मग ऑगस्टमध्ये आपल्याकडे भाव जरा वर आले. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. २१ ऑगस्टपासून नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद झाले, ते तीन दिवसांनी सुरू झाले. २० सप्टेंबरला पुन्हा बंद, या वेळी जवळजवळ दोन आठवडे. ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर दराची अट आली आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. काही दिवसांतच इथला भाव निम्म्यावर आला. नेपाळमध्ये, बांगलादेशात त्याच आठवड्यात तो भडकला. एकाच आदेशाने फाटकाच्या अलीकडची बाई रडली आणि पलीकडचीही. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण शुल्क राहिलं. ते सप्टेंबरमध्ये निम्मं झालं आणि १ एप्रिल २०२५ला पूर्ण गेलं.

मैत्रिणींनो, इथे कुणी म्हणेल, शहरातल्या गरीब बाईने स्वस्त कांदा खाऊ नये का? खावा, जरूर खावा. झोपडपट्टीतल्या घरात कांदा-भाकरी हेच जेवण असतं आणि नाशिक शहरातही अशी घरं आहेत. पण तिला स्वस्त कांदा द्यायची किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न आहे. आज ती एकटा शेतकरी मोजतो आणि शेतकऱ्याच्या आधी शेतमजूर बाई. लिलाव बंद राहिला तर व्यापारी दोन आठवडे थांबू शकतो. मोठा शेतकरी चाळीत कांदा ठेवून वाट पाहू शकतो, जरी चार-पाच महिन्यांत चाळीतल्या कांद्याचं वजन तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत घटतं. खळ्यात रोजाने निवडायला जाणारी बाई काय साठवणार? काम नाही त्या दिवशी रोज नाही. पेठ, सुरगाण्याकडून कामासाठी आलेल्या बायांना तर घरी परतायचं भाडंही पदरचं. बंदीच्या बातम्यांत शेतकऱ्याचं नुकसान येतं, व्यापाऱ्याचं येतं, सरकारच्या डॉलरचा हिशेब येतो. रिकाम्या खळ्यासमोरून परत गेलेल्या बायांच्या रोजाची बेरीज कुठे येत नाही.

नुकसानभरपाईचंही तसंच. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा विकलेल्यांना राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलपर्यंत. चांगली गोष्ट झाली. पण त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याच्या पिकाची नोंद हवी. सातबारा कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, दिराच्या. नवरा वारला आणि वारस नोंद झाली नाही, तर राबणारी एक आणि कागदावर दुसराच.

याबाबतीत आपल्या जिल्ह्याचा एक इतिहास आहे, तो आपण विसरता कामा नये. नोव्हेंबर १९८०मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मोठं आंदोलन केलं. रस्ते, रेल्वे अडवली गेली आणि त्यात बायाही होत्या. पुढे नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. राज्यभरातून लाखाच्या वर बाया आल्या. शेतमालाच्या भावासोबत तिथे बाईच्या हक्कांचा विचार झाला. त्याच विचारातून ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम निघाली, की नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करून द्यावा. १९९२ साली सरकारनेही त्यासाठी निर्णय काढला. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. त्याला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. आपल्यापैकी किती जणींचं नाव लागलं, हे प्रत्येकीने घरातला सातबारा काढून पाहावं.

शेजाऱ्यांनी यातून काय धडा घेतला, तेही सांगायला हवं. वारंवार फाटक बंद झालं की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं. बांगलादेशाने पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तान इथून कांदा मागवायला सुरुवात केली आणि स्वतःचं पीक वाढवायला घेतलं. फाटक उघडल्यावर पूर्वीचं गिऱ्हाईक पूर्वीसारखं परत येईलच, याची खात्री आता नाही. द्राक्षांच्या बाबतीतही बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेलं आणि त्याची झळ आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागांना बसली. शेजार हा एका बाजूने चालत नाही. वाटीभर साखर उसनी देणारी शेजारीण वर्षातून तीनदा दार लावून घेऊ लागली, तर लोक दुसरं घर बघणारच.

म्हणून आम्हाला वाटतं, मागणी फार मोठी नाही. सरकारला भाव आवरायचा असेल तर आवरावा, पण एका रात्रीत नको. कांदा लावण्यापासून काढण्यापर्यंत साडेतीन-चार महिने लागतात. रोपाला लागतात ते दीड महिने धरले तर पाच-साडेपाच. एवढ्या मुदतीचं पीक घेणाऱ्याला निदान हंगामाआधी कळलं पाहिजे की यंदा फाटक कसं राहणार. वाटेवर निघालेला माल अडवू नये, तो सडून कुणाच्याच पोटात जात नाही. शेजारी देशाला ठरलेला वाटा आधी सांगून द्यावा, कमी असला तरी चालेल. २५,००० टन, ५०,००० टन असे कोटे बंदी घातल्यावर खास बाब म्हणून देता येतात, तर ते आधी ठरवून का देता येऊ नयेत? आणि लिलाव बंद राहतील तेवढ्या दिवसांत खळ्यावरच्या बायांना दुसरं काम मिळालं पाहिजे. रोजगार हमीचा कायदा आपल्या राज्यानेच देशाला दाखवला. त्या दिवसांत ग्रामपंचायतीकडे कामाची लेखी मागणी करायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. एकटीने गेलं तर टाळतील. दहा-पंधराजणींनी मिळून गेलं आणि अर्जाची पोच मागितली, तर टाळणं अवघड होतं.

विष्णुदत्तेने आपले पैसे तीन-चार श्रेणींकडे वाटून ठेवले होते. एक बुडाली तर दुसरीचं व्याज चालू राहावं, एवढा व्यवहार तिला कळत होता. औषध देताना माणूस कुठून आला हे तिने विचारलं नाही आणि स्वतः कुठली आहे हेही लपवलं नाही. आपल्या डोंगरावरच्या या बाईचा लेख पुढच्या वेळी लेण्यांवर गेलात की मुलींना नक्की दाखवा. दहावं लेणं. आणि घरी आल्यावर सातबारा काढा.

पुढच्या कार्यक्रमात लक्ष्मी मुक्तीचा अर्ज कसा भरायचा, सोबत कोणते कागद लागतात, याबद्दल बोलू. तोवर नमस्कार.